पूजा झालेलं सिलिंडर

‘जबलपूरचं यंत्र कमी दाखवतं.’

अहवालाच्या मसुद्यातलं हे वाक्य इंदूताईंनी वाचलं आणि हातातला कप बशीवर असा आदळला की निम्मा चहा बशीत आला. एवढंच असतं तर एखाद वेळी त्यांनी गिळूनही टाकलं असतं. पण खाली आणखी दोन ओळी होत्या. आपल्या शहराची हवा चांगली दिसावी असं स्थानिक गटाला वाटणं साहजिक आहे. तेव्हा या यंत्राचे आकडे तुलनेतून वगळावेत, आणि पुढच्या हिवाळ्यात विमानात हे यंत्र घेऊ नये. म्हणजे यंत्र खोटं आणि यंत्रवालीही खोटी. अंगावर चिखल उडवायचा आणि वर ‘साहजिक आहे’ म्हणून पाठीवरून हात फिरवायचा, ही कुठली रीत झाली?

आणि हे कोणाबद्दल? डॉ. इंदू रामटेके यांच्याबद्दल. कांचघरच्या त्यांच्या गल्लीत कोणालाही विचारा. ही बाई फटकळ आहे, नाकावर राग घेऊन फिरते, एकदा बोलायला लागली की समोरच्याची धडगत नाही, हे सगळं लोक सांगतील. पण मापात लबाडी करेल असं तिच्या वैऱ्यानेही म्हटलं नसतं. गल्लीत तिला ‘चेकिंगवाली दीदी’ म्हणत. बड्या फुहाऱ्याच्या बाजारात कापड घ्यायला गेल्या आणि दुकानदाराने कापड ताणून मोजलं, की इंदूताई ते त्याच्या हातून काढून घेत, गादीवर सैल टाकत आणि म्हणत, अब नापो भैया. कमानिया गेटजवळचा एक सराफ त्यांना लांबून बघूनच तराजूची पारडी पुसायला घेतो, अशी अफवा होती. ती उठवली होती खुद्द त्यांच्या नवऱ्याने. देवीदास रामटेके रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते, स्वभावाने थंड आणि थट्टेखोर. दोघांचं जमायचं ते त्यामुळेच.

शहराची हवा चांगली दिसावी असं म्हणे या बाईला वाटत होतं! गल्लीच्या कोपऱ्यावर टायर जाळतात म्हणून नगर निगमच्या ऑफिसात जाऊन भांडणारी हीच. हवा वाईट आहे हे ती सगळ्यांच्या आधीपासून सांगत होती. तिचं म्हणणं एवढंच होतं, की जेवढी वाईट आहे तेवढीच सांगा.

हे वेड तिला वडिलांकडून आलं. सुखराम मेश्राम भंडाऱ्याकडून जबलपूरला आले ते खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत. तिथे त्यांना गेज रूममध्ये काम मिळालं. फॅक्टरीत तयार होणारा प्रत्येक भाग ज्या मापांनी तपासतात, ती मापं स्वतः बरोबर आहेत का, हे तपासायची ती खोली. रोजच्या वापरातली मापं झिजतात. म्हणून काचेच्या कपाटात एक मूळ माप जपून ठेवलेलं असे. त्याला सगळे मास्टर म्हणत. सुखरामांनी घरात मुलीला देवाधर्माच्या गोष्टी फार सांगितल्या नाहीत. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिला फूल वाहिलं की झालं. पण मास्टरच्या गोष्टी मात्र जेवताना, झोपताना, सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडताना सांगितल्या. दोन झिजलेली मापं एकमेकांशी जुळली म्हणून ती खरी ठरत नाहीत. दोघांनाही मास्टरपुढे उभं करावं लागतं. आणि मास्टरला कामाशिवाय कोणाचा हात लागू द्यायचा नाही, मग तो कोणीही असो.

एकदा कोणी बडे पाहुणे फॅक्टरी बघायला आले. त्यांना ते चकचकीत माप हातात धरून फोटो काढायचा होता. सोबतचे साहेब लोक कपाट उघडा म्हणाले, आणि सुखराम कपाटापुढे आडवे उभे राहिले. हात नाही लावू देणार, म्हणाले. हाताच्या घामाने माप गंजतं. पाहुणे हसून पुढे गेले, पण साहेब हसले नाहीत. त्यानंतर बरेच दिवस सुखराम गेज रूम सोडून आवारात उन्हात लोखंड उतरवून घेत होते. इंदूच्या आईने, चंपाबाईंनी, कपाळाला हात लावला आणि एवढं अडून बसायला काय झालं होतं म्हणून विचारलं. सुखराम शांतपणे जेवत होते. ते म्हणाले, “मास्टर बिघडला तर आपल्याले कधी समजणार बी नाही. बाकी सारं त्यालेच विचारतो न आपण.”

ते वाक्य इंदूच्या डोक्यात जन्माचं बसलं.

पुढे ती शिकली, रसायनशास्त्रात डॉक्टर झाली आणि शहरातल्याच एका संस्थेत लागली. तिथे तिने हवेतले नायट्रोजनचे ऑक्साइड मोजायचं यंत्र बांधलं. गाड्यांच्या धुरातून, वीजघरांच्या धुरांड्यांतून, जाळलेल्या कचऱ्यातून हे वायू हवेत मिसळतात. असतात अगदी थोडे, पण करायचा तो घात करतात. त्यातल्या नायट्रिक ऑक्साइडची ओझोनशी गाठ घालून दिली की मंद, डोळ्यांना न दिसणारा उजेड पडतो. काळ्याकुट्ट डबीत तो उजेड टिपायचा आणि त्यावरून वायू किती हे सांगायचं, असं ते यंत्र. पण अमुक उजेड म्हणजे अमुक वायू, हे यंत्राला शिकवावं लागतं. त्यासाठी एक सिलिंडर लागतं, ज्यात तो वायू किती आहे हे आधीपासून पक्कं ठाऊक असतं. यंत्र कितीही भारी असो, ते अखेर त्या सिलिंडरचंच ऐकतं. इंदूताईंच्या प्रयोगशाळेत त्या सिलिंडरला नवी मुलं गमतीने ‘बाबूजी’ म्हणत. इंदूताई त्यांना रागावत नसत.

छत्तीसगड वेगळं होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील, तेव्हाची ही मोहीम. हवेत उंचावर हे वायू किती असतात हे मोजायला देशभर विमानं उडवायची होती. पण त्याआधी वेगवेगळ्या संस्थांची यंत्रं एकमेकांशी जुळतात का, हे बघणं भाग होतं. म्हणून तीन यंत्रं एकाच छोट्या विमानात ठेवायची, तिघांनी एकाच वेळी तीच हवा ओढायची आणि आकडे ताडून बघायचे, असं ठरलं. एक यंत्र दिल्लीचं, डॉ. शालिग्राम यांचं. एक बंगळुरूचं, डॉ. रामकृष्ण यांचं. तिसरं इंदूताईंचं, आणि विमान डुमना विमानतळाहून उडणार, म्हणून पाहुणचारही त्यांच्याच संस्थेकडे. सगळ्यांवर पंच म्हणून नागपूरचे अच्युत सर. सर मोठे विद्वान, बोलायला गोड आणि कोणाला दुखवायचं नाही या एका व्रतावर आयुष्य काढलेले. ज्याला कोणालाच दुखवायचं नसतं, तो अखेर सगळ्यात गरीब दिसेल त्याला दुखवतो, हे इंदूताईंना पुढे कळलं.

नियम दोन होते. पहिला, आपले आकडे दुसऱ्या गटाला न दाखवता थेट सरांच्या हाती द्यायचे. दुसरा, तिन्ही यंत्रांना एकाच सिलिंडरवर शिकवायचं. हे सिलिंडर खास परदेशातून मागवलं होतं, विमानात मावेल असं छोटं, चकचकीत. त्याला सगळे साक्षीचं सिलिंडर म्हणायला लागले. तिन्ही यंत्रांचा मास्टर म्हणा ना. नियम चांगले होते, इंदूताईंची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली उद्घाटनापासून.

आपल्याकडे नवी गाडी घेतली की चाकाखाली लिंबू ठेवतात. नवं मशीन आलं की नारळ फुटतो, त्यावर कुंकवाचं बोट उठतं. लोकांची श्रद्धा असते, असू दे. हँगरमध्ये मांडव घातला, झेंडूच्या माळा आल्या, विमानाच्या नाकाला स्वस्तिक काढलं. प्रमुख पाहुणे यायच्या जरा आधी आयोजकांपैकी कोणीतरी आरतीचं ताट घेऊन इंदूताईंकडे आला. आप तो लोकल हैं दीदी, और लेडीज़ भी, म्हणाला. दिल्लीचे ते डॉक्टर साहब, बंगळुरूचे ते डॉक्टर साहब, आणि तीच पदवी घेतलेली ही बाई मात्र दीदी, आणि ताट धरायला लेडीज. इंदूताईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. शिवाय त्यांच्या घरी कधी आरती झाली नव्हती, हे त्या माणसाला माहीत असायचं कारण नव्हतं. पण विचारायचं तरी? तरीही पाहुणे दारात आले होते, यजमान संस्था आपली, चार लोकांत तमाशा नको, म्हणून त्यांनी ताट घेतलं. दोन्ही हातांत धरलं, कारण ते पितळेचं होतं आणि जड होतं.

पाहुण्यांनी ताटातलं निरांजन उचलून विमानाला ओवाळलं, नारळ फोडला. मग त्यांनी विचारलं, की इथे सगळ्यात महत्त्वाची वस्तू कोणती? कोणीतरी उत्साहाने साक्षीच्या सिलिंडरकडे बोट दाखवलं. झालं. सिलिंडरला कुंकू लागलं, माळ पडली. फोटोवाला म्हणाला, सर, जरा हात लगाइए. अच्युत सर पुढे झाले आणि त्यांनी पाहुण्यांना सिलिंडरचा वॉल्व दाखवला. फिरवा, म्हणाले, म्हणजे मोहीम सुरू झाली असं होईल.

सिलिंडरवर रेग्युलेटर नुकताच बसवलेला होता. तो अजून धुतला नव्हता, म्हणजे त्याच्या पोटात साधी हवा भरलेली होती. ती आधी पुन्हा पुन्हा बाहेर काढून टाकायची आणि मगच वॉल्व उघडायचा, हे या कामातलं पहिलं पथ्य. “सर, वॉल्व नका उघडू देऊ,” इंदूताई म्हणाल्या. सरांनी नुसते डोळे मोठे केले, लग्नात मध्येच बोलणाऱ्या पोराला दटावतात तसे. वॉल्व फिरला, टाळ्या वाजल्या. इंदूताईंचे दोन्ही हात ताटाखाली अडकलेले, आणि ताटात निरांजन जळत होतं. मग भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं, समोसे झाले. ताट खाली ठेवून त्या वाट काढत सिलिंडरपाशी पोचेपर्यंत वॉल्व तसाच उघडा होता, कारण माळेखाली तो कोणाला दिसत नव्हता.

त्याने काय बिघडतं, असं कोणी विचारेल. रेग्युलेटरमधली हवा हळूहळू आत शिरते. त्या हवेतला ऑक्सिजन नायट्रिक ऑक्साइडला खात बसतो, तिथल्या दाबाखाली तर जास्तच जोमाने. काही दिवसांत आतला वायू कमी होतो, पण बाहेरच्या चिठ्ठीवरचा आकडा तोच राहतो. मग जे यंत्र त्या सिलिंडरवर शिकतं, ते थोड्या वायूला जास्त समजायला लागतं आणि पुढे सगळंच फुगवून सांगतं. पायलीचं बूड आत चेपलं असलं तर तिने मोजलेलं धान्य जास्त पायल्या भरतं, तसंच हे.

इंदूताईंनी त्याच दुपारी हे सरांना सांगितलं. सर म्हणाले, दोन मिनिटांचा कार्यक्रम होता इंदूताई, एवढं काही होत नाही, आणि आता दुसरं सिलिंडर कुठून आणू? इंदूताई म्हणाल्या, मग मी माझ्या यंत्राला माझ्या सिलिंडरवर शिकवते. सर म्हणाले, तुमची मर्जी. नियम मोडायला ‘तुमची मर्जी’ म्हणणारा पंच इंदूताईंनी जन्मात पहिल्यांदा बघितला. पण त्या वेळी त्यांना हायसं वाटलं, हेही खरं.

उड्डाणं झाली. इंदूताई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसल्या त्या अशा, यंत्राच्या रॅकला गुडघे टेकवून, तोंडात आल्याची वडी धरून. खाली कांचघर आलं तेव्हा त्यांनी आपली गल्ली शोधली आणि ती सापडायच्या आत निघून गेली. नर्मदेवर हवा स्वच्छ होती, तिन्ही यंत्रं गप्प बसली. वीजघराच्या धुराच्या पट्ट्यात शिरताच तिन्ही एकदम जागी झाली. तिघांचे चढउतार एकाच वेळी, एकाच तालावर होत होते. यंत्रं एकाच हवेचं बोलून राहिली होती, यात शंकाच नव्हती. फरक पुढे आकड्यांत निघाला. दिल्लीचे आणि बंगळुरूचे आकडे एकमेकांशी छान जुळले, आणि जबलपूरचे सगळीकडे त्यांच्याखाली राहिले.

आणि मग सरांनी लिहिलेला तो मसुदा आला. इंदूताईंनी त्याच दिवशी अच्युत सरांना फोन केला, आणि सरांनी आवाजात मध घोळून सांगितलं, की दोन एक बोलतायत, एक वेगळं बोलतंय, मी तरी काय करू? शिवाय तुम्ही साक्षीचं सिलिंडर वापरलं नाही, नियम तुम्हीच मोडला. ‘तुमची मर्जी’ कोण म्हणालं होतं, ते सरांना आठवत नव्हतं.

घरी आल्यावर देवीदासांनी त्यांचा चेहरा बघूनच टीव्ही बंद केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “जाऊ दे न इंदू. तुले तर माहीत आहे न, तुझी मशीन बरोबर आहे.”

“मले माहीत असून का करू? उद्या कोणी विचारलं, तर कागद हेच सांगेल की मी खोटं मोजलं.”

इंदूताईंना सरांचा राग होता, शालिग्रामांचा होता, त्या पाहुण्यांचा होता. पण भाकरी थापता थापता त्यांना कळलं, की सगळ्यात जास्त राग त्यांना स्वतःच्या हातांचा येत होता. बाप कपाटापुढे आडवा उभा राहिला, आणि लेक ताट धरून उभी राहिली. सिलिंडरपासून दोन पावलांवर. ताट खाली आदळलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं? लोक हसले असते, निरांजन विझलं असतं, एवढंच ना?

मसुदा पक्का करायची बैठक संस्थेच्या गेस्ट हाऊसमध्ये होती, आणि तिन्ही यंत्रं, सगळी सिलिंडरं अजून तिथेच ठेवलेली होती. शालिग्राम मोकळेपणाने हसत म्हणाले, “दीदी, दो मशीनें एक बात बोल रही हैं, एक अलग। अब आप ही बताइए, गलत कौन हुआ?” माणूस मनाने वाईट नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की दोन म्हणजे बहुमत. हवा जणू निवडणुकीला उभी होती.

इंदूताई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, दोन्ही यंत्रं एकाच गुरूकडे शिकली आहेत, मग ती एकच बोलणार. प्रश्न यंत्रांचा नाही, गुरूचा आहे. साक्षीचं सिलिंडर आणि माझं सिलिंडर, दोन्ही एकाच यंत्राला लावून बघा. आणि यंत्र माझं नको, डॉक्टर साहेबांचंच घ्या.

शालिग्रामांनी खांदे उडवले, चलो ठीक है, म्हणाले. दोन्ही सिलिंडरं त्यांच्या यंत्राला लावली. चिठ्ठ्यांवरचे आकडे आणि यंत्राचा उजेड यांचा मेळ बसेना. साक्षीचं सिलिंडर इंदूताईंच्या सिलिंडरच्या मानाने चांगलंच उणं निघालं. शालिग्राम लगेच म्हणाले, याचा अर्थ तुमचंच जास्त भरलेलं असेल. सरांनीही मान हलवली. खोलीत काही जण हसले.

इथे दुसरी एखादी बाई रडकुंडीला आली असती, किंवा शपथा घ्यायला लागली असती. इंदूताई म्हणाल्या, बरोबर आहे. माझंही खोटं असू शकतं. दोन मापं एकमेकांपुढे धरून काही कळत नाही, तिसरं पाहिजे. आणि त्या रामकृष्णांकडे वळल्या. रामकृष्णांजवळ बंगळुरूहून आणलेलं आपलं स्वतःचं सिलिंडर होतं, नियमामुळे न उघडलेलं, तसंच पेटीत पडलेलं. सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर खिळले. ते साक्षीच्या सिलिंडरशी जुळलं तर इंदूताई बुडणार, आणि इंदूताईंच्या सिलिंडरशी जुळलं तर रामकृष्णांचे स्वतःचे सगळे आकडे खोटे ठरणार. रामकृष्णांनी जरा वेळ चष्मा पुसला. मग उठून पेटी आणली, आणि रेग्युलेटर बसवून तो पुन्हा पुन्हा धुतला. इंदूताई ते बघत होत्या, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या छातीवरचं ओझं थोडं हललं.

रामकृष्णांचं सिलिंडर इंदूताईंच्या सिलिंडरशी जुळलं. साक्षीचं सिलिंडर एकटं पडलं.

आता या ठिकाणी काय व्हायला हवं होतं? कोणीतरी उठून म्हणायला हवं होतं, की बाई, आमचं चुकलं. आम्ही तुमच्या यंत्राला नावं ठेवली आणि तुमच्या सचोटीलाही. पण खुर्च्या सरकल्या, चहा आला, आणि शालिग्राम म्हणाले, अरे दीदी, दिल पे मत लीजिए. अच्युत सरांनी घसा साफ केला आणि सारवासारव सुरू केली. साक्षीच्या सिलिंडरमध्ये अज्ञात कारणाने बिघाड आढळला, असं लिहू. तिघांच्या आकड्यांची सरासरी काढू, म्हणजे कोणाचं मन दुखायला नको. दोन चुका आणि एक खरं, यांची सरासरी! हे पंच. हे विद्वान.

“अज्ञात काहून, सर?” इंदूताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, त्यामुळेच सगळे थांबले. “कारण इथं बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे. खालच्या हॉलमध्ये त्याचा फोटो लावून ठेवला आहे. पाहुण्यांचा हात वॉल्ववर आहे, तुमचा हात पाहुण्यांच्या पाठीवर आहे, आणि मी शेजारी ताट धरून उभी आहे. लिहायचं तर तिघांचीही नावं लिहा. माझंही लिहा.”

सर चहात साखर विरघळेपर्यंत चमचा हलवत राहिले, आणि नंतरही हलवत राहिले. शेवटी रामकृष्ण म्हणाले, की सरासरी नको; माझे आकडे मी नव्याने काढून देतो, खालचे असतील तर खालचे. मग शालिग्रामांनाही तसंच करावं लागलं. इंदूताईंचे आकडे अहवालात परत आले, स्थानिक गटाबद्दलची ती ओळ गेली, यंत्र पुढच्या हिवाळ्यात विमानात बसणार हे पक्कं झालं. पण छापील अहवालात ‘अज्ञात कारणाने’ हे शब्द राहिलेच. फोटो हॉलमध्ये तसाच लटकत राहिला. येणारे-जाणारे त्याखाली उभे राहून म्हणत, वा, छान कार्यक्रम झालेला दिसतो. इंदूताईंना दर वेळी डोक्यात तिडीक जाई. त्यांनी फोटो काढून टाका असं मात्र कधी म्हटलं नाही.

पुढचा हिवाळा आला. विमान डुमनालाच आलं, मांडव तोच, झेंडू तोच, पाहुणे फक्त नवे. परदेशातून आलेलं नवं सिलिंडर टेबलावर उभं होतं. इंदूताई सकाळपासून त्याच्याजवळ होत्या. त्यांनी त्याचं टोपण घट्ट बसवलं होतं आणि ते उघडायचा पाना आपल्या पर्समध्ये टाकला होता. देवीदासांनी घरून निघताना थट्टा केली होती, की पाना घेऊन चाललीस, कोणाचं डोकं फोडतेस?

पाहुणे आले. अच्युत सर लगबगीने पुढे झाले, चेहऱ्यावर तोच गोडवा, हातात पितळेचं ताट. ते त्यांनी इंदूताईंपुढे धरलं आणि हळूच म्हणाले, “चला ताई, आपला तोच मान.”

“ताट तुम्ही धरा, सर. माझे हात कामात आहेत.”

सर हसायला लागले. मग त्या हसत नाहीत हे बघून थांबले. पाहुणे नारळ फोडून झाल्यावर टेबलाकडे वळले, त्यांच्यामागे फोटोवाला आला, आणि पाहुण्यांनी सिलिंडरकडे हात केला. इंदूताई टेबल आणि पाहुणे यांच्यामध्ये आडव्या उभ्या राहिल्या.

“हाथ नहीं लगाना है, साहब,” त्या म्हणाल्या.

फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. अच्युत सर बाजूला दोन्ही हातांनी ताट धरून उभे होते. त्यांना ते कुठे ठेवावं हे समजत नव्हतं.